रिकाम्या उत्तरामागची चूक: मिनीकानरेन वापरून टीएमडीबीला प्रश्न कसे विचारावेत

पायथनमधली मिनीकानरेन ही लॉजिक प्रोग्रामिंगची, म्हणजे नोंदी आणि नियम देऊन जुळणारी उत्तरं शोधून घेण्याची लायब्ररी आणि टीएमडीबी हा चित्रपटांचा ऑनलाइन डेटाबेस यांची सांगड घालताना बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं. क्वेरी चालते, एरर येत नाही आणि उत्तर म्हणून रिकामा टपल (पायथनमधली न बदलणारी यादी) हातात पडतो. मग माणूस क्वेरी उलटसुलट करून पाहतो. चूक मात्र बहुतेक वेळा क्वेरीत नसते, डेटा भरताना झालेली असते. न जुळणारी गोष्ट या लायब्ररीच्या लेखी एरर नाहीच, ते फक्त ‘जुळलं नाही’ असतं. आकडा हवा तिथे मजकूर गेला, आर्ग्युमेंट उलटी पडली किंवा अख्खी लिस्ट एकच फॅक्ट (खरी मानलेली एक नोंद) म्हणून आत गेली, तरी ती हूं की चूं करत नाही.

म्हणून हे काम तीन वेगळ्या कप्प्यांत करायचं: डेटा उतरवून घेणं, त्यातून फॅक्ट तयार करणं आणि मग प्रश्न विचारणं. प्रत्येक कप्प्याची स्क्रिप्ट वेगळी ठेवा. एकाच फाइलमध्ये तिन्ही कोंबली, तर कुठे काय बिघडलं ते कळायला मार्ग उरत नाही.

लेखातल्या कोडच्या ओळींत लायब्ररीची नावं आणि अंकही देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना रन, वार, फॅक्ट अशी लायब्ररीची नावं आणि अंक रोमन लिपीतच हवेत. रिलेशन (एका प्रकारच्या फॅक्टचा संच) आणि व्हेरिएबल (क्वेरीतली अज्ञात जागा) यांची तुमची स्वतःची नावं पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात.

## टप्पा १: तयारी

प्रकल्पासाठी नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. ही नेहमीची शिस्त म्हणून सांगत नाही, इथे त्याला खास कारण आहे. पिप या पॅकेज बसवण्याच्या साधनावर ‘कानरेन’ नावाचं जुनं पॅकेज आहे आणि ‘मिनीकानरेन’ नावाचं नवं. दोन्ही कोडमध्ये ‘कानरेन’ याच नावाने इम्पोर्ट होतात. त्यांच्या खालच्या युनिफिकेशन (दोन गोष्टी जुळवून पाहणाऱ्या) लायब्ररीचीही तीच गत: जुनी ‘युनिफिकेशन’ आणि नवी ‘लॉजिकल-युनिफिकेशन’, पण इम्पोर्टचं नाव एकच. चारही एका जागी आली की एकीच्या फाइलींवर दुसरीच्या फाइली बसतात, आणि मग येणाऱ्या एररचा तुमच्या कोडशी काडीचाही संबंध नसतो. फक्त मिनीकानरेन बसवा. तिला लागणारी बाकीची पॅकेजं ती स्वतः आणते.

टीएमडीबीवर खातं उघडून एपीआयसाठी (प्रोग्रामने डेटा मागण्याच्या सोयीसाठी) अर्ज केला की दोन गोष्टी मिळतात, एक छोटी एपीआय की आणि एक लांबलचक रीड ॲक्सेस टोकन. टोकन हेडरमध्ये ‘बेअरर’ शब्दानंतर जातं आणि की पत्त्याच्या शेवटी पॅरामीटर म्हणून जाते. दोहोंपैकी कुठलीही एक पुरे. टोकन वापरणं बरं, कारण की पत्त्यात गेली तर ती लॉग फाइलींमध्येही उमटते. टोकन कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा.

तपासणी: ५५० या आयडीचा चित्रपट एकदा मागून पाहा. एचटीटीपी ४०१ (प्रवेश नाकारला) आणि जेसनमध्ये (डेटा ज्या मजकूर-स्वरूपात येतो त्यात) स्टेटस कोड ७ आला, तर की किंवा टोकन चुकलं आहे. एकाच्या जागी दुसरं घालणं ही यातली सर्वांत सामान्य चूक.

## टप्पा २: आधी प्रश्न लिहा, मग रिलेशन ठरवा

टीएमडीबी एका चित्रपटासाठी कितीतरी फील्ड देतं. ती सगळी फॅक्टमध्ये भरायचा मोह आवरा. विचारायचे चार-पाच प्रश्न आधी कागदावर लिहा. उदाहरणार्थ: स्वतःच्याच चित्रपटात दिसलेले दिग्दर्शक कोण? एका कलाकारासोबत कोणकोण झळकलं? अमुक प्रकारात, अमुक वर्षांत, अमुक दिग्दर्शकाचं काय आहे? एवढ्यासाठी सहा रिलेशन पुरतात (चि म्हणजे चित्रपटाचा आयडी, व्य म्हणजे व्यक्तीचा):

नाव(चि, मजकूर)
वर्ष(चि, आकडा)
प्रकार(चि, प्रकारआयडी)
दिग्दर्शन(व्य, चि)
अभिनय(व्य, चि)
व्यक्तीनाव(व्य, मजकूर)

नाव, वर्ष, कालावधी, भाषा असं सगळं एका लांब फॅक्टमध्ये बांधू नका. आठ जागांच्या फॅक्टला प्रत्येक क्वेरीत आठ व्हेरिएबल लागतात, आणि एक कमी पडला की आकार जुळत नाही म्हणून उत्तर रिकामं. दोन जागांची रिलेशन दिसायला बाळबोध वाटतात, पण वापरायला तीच सोयीची.

आता आयडीबद्दल. टीएमडीबीत चित्रपट, मालिका आणि व्यक्ती यांचे क्रमांक वेगवेगळ्या खात्यांतले असतात. ५५० हा आकडा चित्रपटाचाही असतो आणि एखाद्या व्यक्तीचाही असू शकतो. नुसते आकडे भरले आणि क्वेरीत दिग्दर्शन(चि, व्य) अशी जागांची अदलाबदल झाली, तर काही आकडे योगायोगाने जुळतात आणि खोटी उत्तरं मिळतात. रिकाम्या उत्तराने माणूस निदान सावध तरी होतो, खोट्या उत्तराने तेही होत नाही. त्यासाठी आयडीला उपसर्ग लावा: ‘चि-५५०’, ‘व्य-५५०’. मग अदलाबदल झाली तर काहीच जुळणार नाही.

सावधान: नावं ही ओळख म्हणून वापरू नका. एकाच नावाचे अनेक चित्रपट असतात, एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतात, आणि भाषेचा पॅरामीटर बदलला की शीर्षकही बदलतं. जोडणी आयडीवर करायची. नाव फक्त शेवटी, उत्तर छापताना.

## टप्पा ३: डेटा उतरवून घ्या

इथे एक कल्पना हमखास सुचते: एपीआयची विनंतीच गोल (क्वेरीतली पूर्ण करायची एक अट) म्हणून लिहायची, म्हणजे लायब्ररी लागेल तेवढा डेटा आपोआप मागवेल. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात तर्काचा शोध प्रत्येक शक्यतेसाठी तो गोल पुन्हा चालवतो. पहिल्या गोलमधून २,००० शक्यता निघाल्या, तर दुसरा गोल २,००० विनंत्या पाठवणार. क्वेरी परत चालवली की तेच पुन्हा, मध्येच नेटवर्क तुटलं की अर्धवट उत्तर. शोध चालू असताना नेटवर्कला हात लावायचा नाही, हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम.

३.१ आयडींची यादी. दोन मार्ग आहेत. टीएमडीबी रोज सगळ्या चित्रपटांच्या आयडींची जीझिप फाइल प्रसिद्ध करतं. तिच्यातली प्रत्येक ओळ स्वतंत्र जेसन असते, अख्खी फाइल मिळून मात्र वैध जेसन होत नाही. सगळी एकदम पार्स करायला गेलात तर पहिल्या ओळीनंतरच एरर येईल. ओळीओळीने वाचा आणि लोकप्रियतेच्या फील्डवर गाळणी लावा.

दुसरा मार्ग ‘डिस्कव्हर’ एंडपॉइंटचा (एंडपॉइंट म्हणजे एपीआयमधला ठरावीक पत्ता). त्यात पानाला २० निकाल मिळतात आणि ५०० पानांच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे एका शोधात जास्तीत जास्त १०,०००. त्याहून जास्त हवे असतील तर वर्षावर्षाने तुकडे करा. निकालांची मांडणी लोकप्रियतेवर ठेवली, तर तुम्ही पानं उलटत असतानाच क्रम हलतो. काही चित्रपट दोनदा येतात, काही निसटतात. प्रदर्शनाच्या तारखेवर मांडणी ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. आयडी सेटमध्ये साठवा, म्हणजे दुहेरी आलेले आपोआप गळतील.

३.२ तपशील आणि श्रेयनामावली एकाच विनंतीत. चित्रपटाच्या तपशिलासाठी एक आणि कलाकारांसाठी दुसरी अशा दोन विनंत्या करण्याची गरज नाही. ‘अपेंड टू रिस्पॉन्स’ या पॅरामीटरमध्ये ‘क्रेडिट्स’ दिलं की दोन्ही एकत्र मिळतं आणि कामाचा वेळ निम्म्यावर येतो.

३.३ वेग. सर्व्हरची वरची मर्यादा सेकंदाला ४० विनंत्यांच्या आसपास आहे. तिच्या जवळ जायचं कारणच नाही. सेकंदाला ४ या वेगाने ५,००० चित्रपट २१ मिनिटांत उतरतात, आणि हे काम एकदाच करायचं आहे. ४२९ (विनंत्या फार झाल्या) आला तर २ सेकंद थांबा, पुन्हा आला तर ४, मग ८. ४०४ (नोंद सापडली नाही) आला तर तो आयडी वेगळ्या यादीत टाकून पुढे जा, कारण नोंदी काढूनही टाकल्या जातात. ४०१ आला तर लूप तिथेच थांबवा. चुकीच्या टोकनने हजारो विनंत्या पाठवण्यात अर्थ नाही.

३.४ कच्चं जेसन जसंच्या तसं साठवा. एका चित्रपटाची एक फाइल, नाव आयडीचं. ‘मला फक्त चार फील्ड हवीत’ म्हणून बाकीची लगेच फेकून देऊ नका. उद्या पाचवं लागेल आणि पुन्हा २१ मिनिटं जातील. लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. तसं न केल्यास स्क्रिप्ट मध्येच बंद पडते तेव्हा अर्धी फाइल मागे राहते, आणि पुढच्या वेळी ‘ही तर आहेच’ असं समजून स्क्रिप्ट ती वगळते.

तपासणी: फाइलींची संख्या आणि ४०४च्या यादीची संख्या यांची बेरीज मूळ आयडींच्या संख्येइतकी आली पाहिजे. एकाचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: जेसनमधून स्वच्छ ओळी

या टप्प्यात अजून लायब्ररी येत नाही. प्रत्येक रिलेशनसाठी साध्या टपलची लिस्ट तयार करायची, बस्स.

वर्ष काढण्यासाठी प्रदर्शनाच्या तारखेची पहिली ४ अक्षरं घेऊन त्यांचा पूर्णांक करा. तारीख ठाऊक नसेल तर फील्डमध्ये रिकामा मजकूर असतो, आणि त्याचा पूर्णांक करताना एरर येते. ती टाळायला काही जण वर्ष ० भरतात. मग ‘१९५० पूर्वीचे चित्रपट’ विचारलं की तारीख नसलेले सगळे रांगेत हजर. माहिती नसेल तर फॅक्टच भरू नका. तर्काच्या भाषेत ‘ठाऊक नाही’ हे असंच लिहितात. कालावधी आणि बजेट यांत तर टीएमडीबी स्वतःच अज्ञात मूल्य ० म्हणून देतं, तिथेही ० दिसलं की ओळ सोडा.

दिग्दर्शक ओळखताना विभागाचं फील्ड पाहू नका. ‘डिरेक्टिंग’ विभागात सहायक दिग्दर्शक आणि स्क्रिप्ट सुपरव्हायझरही येतात. ‘जॉब’ या फील्डमध्ये नेमका ‘डिरेक्टर’ हाच शब्द आहे का ते तपासा, आणि तेही पूर्ण बरोबरीने. ‘हा शब्द कुठेतरी आला आहे का’ असं पाहिलं तर ‘असिस्टंट डिरेक्टर’ आणि ‘आर्ट डिरेक्टर’ हेही दिग्दर्शक होऊन बसतात.

कलाकारांच्या यादीत ‘ऑर्डर’ फील्ड ० पासून सुरू होतं. डेटा आटोपशीर राहावा म्हणून पहिले १५ घ्यावेत, हा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो आणि बऱ्याच प्रश्नांना तो चालतोही. पण प्रश्न ‘स्वतःच्या चित्रपटात दिसलेले दिग्दर्शक’ असा असेल, तर अशा पाहुण्या भूमिका यादीच्या शेपटाकडेच असतात. पहिल्या १५वर कात्री लावली की नेमकं हवं तेच उत्तर कापलं जातं. गाळणी कुठे लावायची हे प्रश्नच ठरवतो, म्हणून तर प्रश्न आधी लिहायचे.

माहितीपटांत माणसं स्वतः म्हणून दिसतात आणि पात्राच्या जागी ‘सेल्फ’ लिहिलेलं असतं. जुन्या चित्रफितीतून दिसणारेही असेच नोंदलेले असतात. अभिनय म्हणजे अभिनयच हवा असेल, तर पात्राचं नाव ‘सेल्फ’ने सुरू होणाऱ्या ओळी वगळा.

प्रकारांची लिस्ट एका जागेत भरू नका. चित्रपटाला तीन प्रकार असतील तर तीन ओळी करा. शोधाच्या निकालात प्रकारांचे नुसते क्रमांक असतात, तपशिलात क्रमांक आणि नाव दोन्ही. क्रमांकच वापरा, कारण नाव भाषेनुसार बदलतं.

मजकुराच्या फील्डना युनिकोडचं एकच रूप द्या, एनएफसी, आणि मागच्यापुढच्या रिकाम्या जागा छाटा. é सारखं चिन्ह लागलेलं एक अक्षर कधी एका संकेतांकाने लिहिलेलं असतं, कधी दोनांनी. डोळ्यांना ती सारखी दिसतात, लायब्ररीला नाही.

## टप्पा ५: फॅक्ट भरा

लायब्ररीत ‘फॅक्ट’ आणि ‘फॅक्ट्स’ अशी दोन फंक्शन आहेत आणि सगळा घोळ त्या एका शेवटच्या अक्षरात आहे. ‘फॅक्ट’ला एका फॅक्टच्या जागा सुट्या द्यायच्या असतात. ‘फॅक्ट्स’ला अनेक टपल सुटे द्यायचे असतात. तिथे ७५,००० टपलची लिस्ट तशीच, तारांकन (*) न लावता दिली, तर लायब्ररी ती ७५,००० जागांचा एकच फॅक्ट म्हणून मुकाट्याने साठवते. रिलेशनमधल्या जागांची संख्या ती तपासत नाही. पुढे दोन जागांचा प्रश्न विचारला की आकार जुळत नाही आणि उत्तर रिकामं. साधा लूप लावून एकेक फॅक्ट भरणंच उत्तम:

फॅक्ट(अभिनय, व्य, चि)

प्रत्येक जागेतलं मूल्य हॅश होणारं (मजकूर किंवा आकड्यासारखं न बदलणारं) असावं लागतं, कारण फॅक्ट सेटमध्ये साठतात. लिस्ट किंवा डिक्शनरी दिली तर टाइपएरर येते. एकाच कलाकाराने एका चित्रपटात दोन पात्रं केली असतील, तर टीएमडीबीत त्याच्या दोन नोंदी असतात. आपल्या रिलेशनमध्ये पात्राची जागा नसल्याने सेटमध्ये त्यांचा एकच फॅक्ट होतो. हे ठीकच आहे, फक्त मोजताना लक्षात असू द्या.

तपासणी, आणि ही चुकवू नका: प्रत्येक रिलेशनला ‘फॅक्ट्स’ नावाचं गुणधर्म-फील्ड असतं. त्याची लांबी छापा आणि आधीच्या लिस्टमधल्या वेगळ्या टपलच्या संख्येशी ताडून पाहा. लांबी १ दिसली तर वरची तारांकनाची चूक झाली आहे. मग त्यातला कुठलाही एक फॅक्ट छापून जागा किती आणि प्रत्येक मूल्याचा टाइप कोणता ते पाहा. वर्ष अवतरणचिन्हांत दिसलं तर ते मजकूर म्हणून गेलं आहे, आणि आकड्याशी ते कधीच जुळणार नाही.

## टप्पा ६: पहिली क्वेरी आणि गोलांचा क्रम

एकाच गोलपासून सुरुवात करा. ठाऊक असलेला एक चित्रपट घ्या आणि त्याचा दिग्दर्शक विचारा:

रन(०, व्य, दिग्दर्शन(व्य, ‘चि-५५०’))

पहिल्या जागेतला ० म्हणजे ‘सगळी उत्तरं’. ५ दिलं तर पाच मिळतील, पण ती ‘पहिली पाच’ नव्हेत. फॅक्ट सेटमध्ये असल्याने त्यांना क्रम नसतो, आणि मजकुराचं हॅश दर वेळी बदलत असल्याने स्क्रिप्ट पुन्हा चालवली की वेगळी पाच येऊ शकतात. क्रम हवा असेल तर सगळी उत्तरं घेऊन पायथनमध्ये लावा.

आता दोन गोल:

रन(०, (व्य, चि), दिग्दर्शन(व्य, चि), अभिनय(व्य, चि))

दोन्हीकडे तेच व्हेरिएबल आहेत, म्हणजे व्यक्तीही तीच आणि चित्रपटही तोच. गोल डावीकडून उजवीकडे चालतात. ५,००० चित्रपटांचे दिग्दर्शनाचे फॅक्ट ५,०००च्या थोडे वर असतील, अभिनयाचे ७५,००० धरू. दिग्दर्शन आधी ठेवलं तर साधारण ५,००० शक्यता तयार होतात आणि प्रत्येकीसाठी अभिनयात शोध होतो. उलट क्रमात ७५,००० शक्यता. उत्तर तेच, शक्यता पंधरापट. कमी शक्यता देणारा गोल आधी, हे सूत्र पक्कं ठेवा. आयडी किंवा प्रकार असं ठाम मूल्य ज्या गोलमध्ये आहे, तो बहुधा सर्वांत आधी येतो.

इंडेक्सची एक खोड मात्र माहीत असावी. लायब्ररी प्रत्येक जागेतल्या प्रत्येक मूल्यासाठी फॅक्टांचा गट लक्षात ठेवते. विचारलेलं मूल्य इंडेक्समध्ये असेल तर तेवढाच गट तपासते. पण मूल्य इंडेक्समध्ये नसेलच, तर त्या जागेपुरती गाळणीच लागत नाही, आणि दुसऱ्या जागेनेही मदत केली नाही तर सगळे फॅक्ट एकेक करून तपासले जातात. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या आयडीचा प्रश्न सर्वांत मंद चालतो. एखादी साधी क्वेरी अचानक रेंगाळली आणि शेवटी रिकामी आली, तर आयडीचं रूप चुकलं असण्याची दाट शक्यता आहे: उपसर्ग राहिला असेल किंवा टाइप वेगळा असेल.

## टप्पा ७: नियम लिहा

वारंवार लागणारी जोडणी फंक्शनमध्ये ठेवा. सहकलाकाराचा नियम असा: फंक्शन दोन व्यक्ती घेतं, आत एक नवं व्हेरिएबल ‘चि’ बनवतं आणि तीन गोल ‘एलऑल’मध्ये (सगळ्या अटी एकत्र लागू करणाऱ्या फंक्शनमध्ये) बांधून परत देतं:

एलऑल(अभिनय(क, चि), अभिनय(ख, चि), एनईक्यू(क, ख))

तिसरा गोल नसेल तर प्रत्येक कलाकार स्वतःचाच सहकलाकार ठरतो. ‘एनईक्यू’ (दोन मूल्यं वेगळी असावीत ही अट) लायब्ररीच्या कन्स्ट्रेंट्स या भागातून घ्यावं लागतं.

सावधान: ‘चि’ हे व्हेरिएबल फंक्शनच्या आतच आणि नाव न देता बनवा, म्हणजे वार() असं. वार(‘चि’) असं नाव दिलं तर त्या नावाची सगळी व्हेरिएबल लायब्ररीला एकच वाटतात. नियम क्वेरीत एकदाच वापरला तर सगळं सुरळीत चालतं. ‘क आणि ख सहकलाकार, ख आणि ग सहकलाकार’ असा दोनदा वापरला की दोन्ही जोड्या एकाच चित्रपटातल्या असण्याची सक्ती होते आणि अर्धीअधिक उत्तरं गायब होतात. एकेकटी चालणारी क्वेरी जोडल्यावर बिघडली, तर आधी हेच तपासा.

दोघं सात चित्रपटांत एकत्र असतील तर तेच नाव उत्तरात सात वेळा येतं. नुसती नावं हवी असतील तर उत्तर सेटमध्ये घाला. किती चित्रपट एकत्र केले ते हवं असेल तर व्यक्ती आणि चित्रपट अशी जोडी मागा आणि पायथनच्या काउंटरने मोजा.

## टप्पा ८: तुलना, नकार, मोजणी

१९९० ते १९९९ अशी अट घालायला व्हेरिएबलवर थेट ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह वापरता येत नाही, पायथन टाइपएरर देतो. बरोबरीचं चिन्ह जास्त घातक, कारण ते एरर न देता ‘खोटं’ परत देतं. त्यासाठी स्वतःचा गोल लिहावा लागतो आणि तो सोपा असतो. गोल म्हणजे असं फंक्शन, जे आतापर्यंतच्या जुळण्यांचा संच घेतं आणि अट पूर्ण झाली तर तोच संच ‘यील्ड’ करतं, म्हणजे पुढे देतं. आतल्या पायऱ्या तीनच:

१. ‘रीइफाय’ वापरून व्हेरिएबलचं सध्याचं मूल्य काढा.
२. ते अजूनही व्हेरिएबलच असेल तर मुद्दाम एरर फेका.
३. मूल्य मर्यादेत असेल तर संच यील्ड करा, नसेल तर काहीच करू नका.

दुसरी पायरी अनेक जण गाळतात. मग वर्ष(चि, व) या गोलच्या आधी तुलना लिहिली गेली, की मूल्य अजून ठरलेलंच नसतं आणि कोड्यात टाकणारी टाइपएरर येते, किंवा तुलना बरोबरीची असेल तर उत्तर मुकाट्याने रिकामं येतं. आपण लिहिलेला गोल तरी ओरडणारा असावा.

नकाराचे दोन प्रकार आहेत. ‘ही दोन मूल्यं वेगळी’ हे एनईक्यूने होतं. ‘यांनी कधीच एकत्र काम केलं नाही’ हे त्याने होत नाही. तिथे एनईक्यू लावलं तर ‘निदान एका चित्रपटात दुसरं कुणीतरी होतं’ असा भलताच अर्थ निघतो. अशा वेळी दोन क्वेरी करून पायथनच्या सेटची वजाबाकी करा. आणि हे उत्तर फक्त तुम्ही उतरवलेल्या चित्रपटांपुरतं खरं आहे. ५,००० चित्रपटांत दोघं एकत्र दिसले नाहीत, म्हणजे कधीच दिसले नाहीत असं नव्हे. निकाल दाखवताना ही मर्यादा शेजारीच लिहा.

सरासरी, बेरीज, सर्वाधिक हे सगळं पायथनमध्येच. लायब्ररीत ते बसवायचा खटाटोप करू नका.

## टप्पा ९: साखळीचे प्रश्न

एका कलाकारापासून दुसऱ्यापर्यंत सहकलाकारांची साखळी शोधायची असेल, तर स्वतःलाच बोलावणारा नियम लिहावासा वाटतो. तो तसाच लिहिला तर पायथन गोल बनवतानाच अनंतात जातो आणि रिकर्शनएरर येते. विलंबाचं आवरण घालून ते टाळता येतं, पण मूळ अडचण राहतेच: क सोबत ख, ख सोबत क, पुन्हा क सोबत ख. दोन किंवा तीन पायऱ्यांपर्यंत नियम उलगडून लिहा. त्यापुढे सहकलाकारांच्या जोड्या एकदाच काढून घ्या आणि साधा ब्रेड्थ-फर्स्ट (जवळच्या कड्या आधी पाहणारा) शोध लावा. प्रत्येक खिळ्याला हाच हातोडा हवा असं नाही.

## टप्पा १०: डेटा ताजा ठेवणं

टीएमडीबीच्या अटींनुसार त्यांचा डेटा ६ महिन्यांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही, आणि काम कुठे दाखवणार असाल तर स्रोत म्हणून त्यांचा उल्लेख आवश्यक आहे. सगळं पुन्हा उतरवण्याऐवजी ‘चेंजेस’ एंडपॉइंट बदललेल्या चित्रपटांचे आयडी देतो, पण एका विनंतीत जास्तीत जास्त १४ दिवसांचे. तेवढ्याच फाइली नव्याने उतरवा.

रिलेशनमध्ये मात्र नवे फॅक्ट वरून ओतू नका. जुना चुकीचा फॅक्ट आपोआप जात नाही, त्यामुळे एका चित्रपटाला दोन वर्षं चिकटतात. फाइली बदलल्या की सगळी रिलेशन कोऱ्यापासून भरा. लाखभर फॅक्टना त्यासाठी फार वेळ लागत नाही.

## तरीही उत्तर रिकामं आलं तर

क्वेरीला हात न लावता या क्रमाने जा. आधी प्रत्येक रिलेशनची लांबी. मग क्वेरीतला प्रत्येक गोल एकेकटा चालवून पाहा. सगळे एकेकटे चालत असतील तर पहिले दोन जोडा, मग तिसरा. ज्या गोलने उत्तर शून्यावर येतं, त्याच्या प्रत्येक जागेतल्या मूल्याचा टाइप छापा आणि त्या रिलेशनमधल्या खऱ्या फॅक्टशेजारी ठेवून बघा. टाइप जुळत असेल तर जागांचा क्रम बघा, तोही जुळत असेल तर नाव दिलेली व्हेरिएबल. हे सगळं बरोबर निघालं, तर त्या चित्रपटाची कच्ची जेसन फाइल उघडा. बऱ्याचदा तिथे ते फील्डच रिकामं असतं.